हॉलिडेला ठेवलं ते ठीकच, पण बाकीच्या पोरांचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या बाल्टिमोर ओरिओल्सकडे २०२३ मध्ये तरुण पोरांची अशी फळी होती की बाकीच्या टीम हेवा करायच्या, १०१ मॅच जिंकल्या, तरीपण मॅनेजमेंट पोरं जपत बसलं, मोठा पिचर (बॉल टाकणारा) काही आणला नाही, २०२४ ला कॉर्बिन बर्न्स आणला तोही एका वर्षापुरता, आणि २०२५ ला ७५-८७ (विजय-पराभव) करून डिव्हिजनमध्ये तळाला गेले. मग जॅक्सन हॉलिडेसकट सगळी पोरं देऊन दोनतीन वर्षांसाठी एखादा खरा एस, म्हणजे पहिल्या नंबरचा पिचर, का नाही आणला?

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, ट्रेडच्या, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, बोलणीत समोरून नावं आली की कुठला पोरगा किती किमतीचा ते काढून द्यायचं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण विषयच असा आहे की दोन ओळीत सांगितलं तर अर्धवट होईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रॉस्पेक्टची, म्हणजे अजून वर न आलेल्या होतकरू पोराची, किंमत यादीतल्या नंबरावरून करायची नाही. हा पोरगा तुमच्या टीममध्ये कुठल्या जागेवर खेळणार, आणि तुमची टीम जिंकायच्या लायकीची असणार आहे त्याच वर्षांत खेळणार का, एवढं विचारायचं. जागाच नसेल तर तो देशात तिसऱ्या नंबरचा असला काय नि तेराव्या, तुमच्यासाठी त्याची किंमत म्हणजे बाजारात त्याच्या बदल्यात जे मिळेल तेच, आणि बाजारातला भाव दर सहा महिन्यांनी बदलतो, बऱ्याचदा खालीच जातो. ओरिओल्सचं चुकलं ते हॉलिडेला ठेवण्यात नाही, त्याच्या मागच्या रांगेतल्या पोरांना एक वर्ष जास्त धरून ठेवण्यात चुकलं असं मला वाटतं.

आता हे नीट कळण्यासाठी बोस्टन रेड सॉक्सचं उदाहरण घ्या, कारण मला विचाराल तर अलीकडच्या काळात एवढा स्वच्छ विचार करून केलेला ट्रेड दुसरा नाही. डिसेंबर २०१६, शिकागो व्हाइट सॉक्सकडून पिचर क्रिस सेल घेतला, बदल्यात योआन मोंकाडा, मायकल कोपेक, लुईस अलेक्झांडर बसाबे आणि व्हिक्टर डियाझ असे चौघं दिले. मोंकाडा तेव्हा प्रॉस्पेक्टच्या सगळ्या याद्यांमध्ये अगदी वर, क्युबातून आणताना बोस्टनने ३ कोटी १५ लाख डॉलर बोनस दिलेला आणि वर लीगचा दंड तेवढाच, म्हणजे ६ कोटी ३० लाख एका पोरावर. लोक म्हणाले वेडेपणा आहे. पण बघा ना, सेकंड बेसला पेड्रोया बसलेला, शॉर्टस्टॉपला बोगार्ट्स, आणि थर्ड बेससाठी मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या लीग) वीस वर्षांचा राफाएल डेव्हर्स वर येत होता. डेव्हर्सला दिला नाही, तरुण बॅटर बेनिन्टेंडीलाही दिला नाही. ज्याला पुढची दोन वर्षं उभं राहायलाच जागा नव्हती त्याला दिला. समोरून सेल आला तो पुढच्या तीन सीझनसाठी, तीनही वर्षांचा पगार मिळून चार कोटी डॉलरच्या आत, म्हणजे फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) बाजारात त्या दर्जाच्या पिचरला दीड वर्षात लागले असते तेवढेच. २०१७ ला त्याने ३०८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) काढले, २०१८ ला २.११ ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन, कमी तेवढं चांगलं), आणि वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, शेवटची विकेट, म्हणजे मचाडोचा स्ट्राइकआउट, त्यानेच काढली. डेव्हर्स आणि बेनिन्टेंडी दोघंही त्या टीममध्ये होते, हे विसरू नका.

आता व्हाइट सॉक्सला काय मिळालं? मोंकाडाने २०१९ ला .३१५ ची बॅटिंग सरासरी मारली, चांगलं वर्ष, पण त्याच्या आदल्या वर्षी २१७ वेळा स्ट्राइकआउट झाला होता, आणि पुढे दुखापतींनी पुन्हा तशी उंची गाठू दिली नाही. कोपेकचं २०१८ मध्येच कोपराचं ऑपरेशन, टॉमी जॉन. सेलच्या ट्रेडनंतर २०१७ ला शिकागोच्याच कब्सला होसे क्विन्टाना देऊन त्यांनी एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ घेतले, म्हणजे कागदावर अख्ख्या बेसबॉलमधली सगळ्यात भारी फळी उभी केली, २०२१ ला एक डिव्हिजन टायटल आलं, पोस्टसीझनची (रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची) एकही सिरीज जिंकता आली नाही, आणि २०२४ ला १२१ मॅच हरले. पोरं गोळा करणं हाच प्लॅन असेल तर त्याचाही असा शेवट होऊ शकतो, हे पोरं जपा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता जरा पैशाचा हिशेब, कारण तरुण खेळाडू एवढा महाग का पडतो हे त्यातच आहे. मेजर लीगच्या रोस्टरवर (टीमच्या खेळाडूंच्या यादीत) १७२ दिवस भरले की सर्व्हिस टाइमचं एक वर्ष. अशी सहा वर्षं होईपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात. त्यातली पहिली तीन साधारण किमान पगारावर, २०२५ ला हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता, पुढची तीन आर्बिट्रेशनमध्ये (पगार जमला नाही तर लवाद ठरवतो), पगार वाढत जातो पण बाजारभावापेक्षा कमीच. म्हणजे पोरगा चांगला निघाला तर सहा वर्षं स्वस्तात चांगला खेळाडू, आणि वाचलेल्या पैशात दुसरे दोन आणता येतात. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच जीएम (जनरल मॅनेजर) लोक प्रॉस्पेक्ट द्यायला घाबरतात. पण या हिशेबात 'चांगला निघाला तर' हे तीन शब्द सगळा घोळ करतात. पहिल्या शंभरात नाव आलेल्या पोरांपैकी पण बरीच जण मेजर लीगमध्ये कायमची जागा धरू शकत नाहीत, आणि त्यातही पिचर जास्त गळतात. आमच्याकडे स्काउट लोकांत जुनं म्हणणं आहे की पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची गोष्टच नसते, बोलायची पद्धत म्हणून सोडा पण त्यात तथ्य आहे. १९ वर्षांचा पोरगा ९८ मैलांनी टाकतो ते बघायला फार भारी वाटतं पण तो वेग कोपरातल्या एका लिगामेंटवर उभा असतो.

म्हणून माझा स्वतःचा नियम असा, की द्यायचंच आहे तर आधी तरुण पिचर द्या, बॅटर शेवटी द्या. पिचर जस्टिन व्हर्लँडर ऑगस्ट २०१७ च्या अगदी शेवटच्या रात्री ह्यूस्टनला गेला तेव्हा डेट्रॉइटला मिळालेल्या तिघांत सगळ्यात मोठं नाव होतं फ्रँकलिन पेरेझ, तरुण पिचर. तो पुढे दुखापतींमुळे मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळू शकला नाही. त्या पॅकेजमधला जेक रॉजर्स, ज्याच्याबद्दल तेव्हा फार कोणी बोलत नव्हतं, तो कॅचर म्हणून टिकला. आणि व्हर्लँडरने ह्यूस्टनसाठी त्या सप्टेंबरात पाच मॅचमध्ये पाच विजय, १.०६ ईआरए, अमेरिकन लीग चँपियनशिप सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), मग वर्ल्ड सिरीज. ओरिओल्सकडेच बघा, ग्रेसन रॉड्रिगेझ एके काळी देशातला पहिल्या नंबरचा पिचिंग प्रॉस्पेक्ट समजला जायचा, २०२५ अख्खं वर्ष दुखापतीत गेलं आणि सीझन संपल्यावर बॅटर टेलर वॉर्डसाठी एंजल्सला दिला. त्याच पोराचा भाव २०२२ मध्ये काय होता ते आठवा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

दुसरी गोष्ट, वर्षं. पिचर किती भारी यापेक्षा तो तुमच्याकडे किती दिवस असणार हे मला आधी बघावं लागतं. जुलैत आणलेला आणि ऑक्टोबरनंतर फ्री एजंट होणारा पिचर म्हणजे रेग्युलर सीझनमध्ये दहा-अकरा स्टार्ट (मॅचची सुरुवात त्यानेच करायची) आणि पोस्टसीझनमध्ये दोन-चार. शिवाय सीझनच्या मध्ये आणलेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (ठरलेल्या रकमेची एका वर्षाची ऑफर) देता येत नाही, म्हणजे तो गेल्यावर ड्राफ्टचा, म्हणजे नवी पोरं निवडायच्या फेऱ्यांचा, जादा पिकही नाही. हिवाळ्यात आणला तर ३२-३३ स्टार्ट आणि गेला तर पिक, बर्न्सच्या बाबतीत बाल्टिमोरला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तसा पिक मिळाला. बर्न्ससाठी त्यांनी काय दिलं होतं, जोई ऑर्टिझ, डीएल हॉल आणि एक ड्राफ्ट पिक. ऑर्टिझ शॉर्टस्टॉप, आणि बाल्टिमोरमध्ये शॉर्टस्टॉपला गनर हेंडरसन, म्हणजे जागा नाही. हॉल तरुण पिचर. मला तर हा ट्रेड अगदी बरोबर वाटतो, आजही.

तुम्ही म्हणता बर्न्स आणून काय मिळालं. ऑक्टोबर २०२४, कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध वाइल्ड कार्ड सिरीजची (पोस्टसीझनची पहिली फेरी) पहिली मॅच, बर्न्सने आठ इनिंग पूर्ण टाकल्या, नवव्यातही पुढे आला, एकच रन दिला. ओरिओल्स ०-१ ने हरले. दुसरी मॅच १-२. दोन मॅच मिळून अख्ख्या टीमने एक रन काढला! म्हणजे ज्या बॅटर पोरांना देऊ नका देऊ नका म्हणून सगळे सांगत होते त्यांनीच त्या दोन दिवसांत काही केलं नाही, पिचरने त्याचं काम चोख केलं होतं. तीन मॅचच्या सिरीजमध्ये एस एकदाच टाकू शकतो, हे पण लक्षात घ्यायला हवं, डिव्हिजन जिंकून बाय मिळाला (पहिली फेरी खेळावी लागली नाही) आणि पाच मॅचच्या सिरीजपासून सुरुवात झाली तर तोच पिचर दोनदा टाकतो आणि त्याची किंमत एकदम वाढते. म्हणून ९२-९५ विजयांच्या आसपास असलेल्या टीमला एक एस जेवढा उपयोगी तेवढा ७८ वाल्या टीमला नाही, आणि याची गॅरंटी तरीही कोणीच देऊ शकत नाही, २०२५ ला डेट्रॉइटचा एस तारिक स्कुबलने सिएटलविरुद्ध निर्णायक पाचव्या मॅचमध्ये सहा इनिंगमध्ये १३ स्ट्राइकआउट काढले आणि डेट्रॉइट पंधराव्या इनिंगमध्ये २-३ ने हरलं.

त्या बर्न्सच्या मॅचमधली एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. बर्न्सच्या विरुद्ध कोण टाकत होता, कोल रेगन्स. हा टेक्सासचा २०१६ चा पहिल्या फेरीतला पिक, दोनदा टॉमी जॉन झालेला, रखडत रखडत वर आलेला. जून २०२३ मध्ये टेक्सासने तो कॅन्सस सिटीला दिला आणि अरोल्डिस चॅपमन घेतला, तोही काही महिन्यांपुरता रिलीव्हर (मॅचच्या मध्ये येऊन टाकणारा पिचर). कॅन्सस सिटीला एस मिळाला. मग टेक्सास फसलं का? टेक्सासने त्याच ऑक्टोबरात क्लबच्या इतिहासातली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. दोघांचंही बरोबर होतं, कारण दोघांची जिंकायची वर्षं वेगळी होती. ट्रेडमध्ये एक जिंकला म्हणजे दुसरा हरलाच असं धरून बसलं की सगळा हिशेब चुकतो.

याच कारणासाठी मी डेट्रॉइट टायगर्सच्या १९८७ च्या ट्रेडला लोक म्हणतात तेवढा वाईट मानत नाही, यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात, घालू देत. ऑगस्टमध्ये ३६ वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर आणला, तो ९-० गेला, ईआरए १.५३, आणि टायगर्सनी टोरांटोला फक्त दोन मॅचनी मागे टाकून डिव्हिजन घेतली. त्याच्याशिवाय ते झालंच नसतं. बदल्यात अटलांटाला गेला जॉन स्मोल्ट्झ, तेव्हा डबल-ए ला (मायनर लीगची एक पायरी) ४-१०, ईआरए ५.६८, पुढे २१३ विजय, १५४ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) आणि २०१५ ला हॉल ऑफ फेम. मिशिगनमधलाच पोरगा, लहानपणापासून टायगर्सचा फॅन, त्यामुळे डेट्रॉइटवाल्यांना ते जास्त लागतं हे मी समजू शकतो. पण ज्या आकड्यांवर निर्णय घ्यायचा होता ते आकडे ४-१० आणि ५.६८ हे होते.

खरे वाईट ट्रेड वेगळे असतात. तिथे एकतर आपली टीम जवळपास नसते किंवा स्टार हा स्टार राहिलेला नसतो. २०१८ ला पिट्सबर्गने टँपाकडून पिचर क्रिस आर्चर घेतला तेव्हा दोन्ही झालं. जुलैत अकरा मॅच सलग जिंकल्या आणि वाटलं आपणही शर्यतीत, शेवटी ८२ विजय. आर्चरचं नाव २०१५ चं होतं, २५२ स्ट्राइकआउट, ३.२३ ईआरए, पण त्यानंतर सलग चारच्या वरच ईआरए होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. करार स्वस्त आणि लांब म्हणून भाव चढला. दिले कोण, ऑस्टिन मेडोज, टायलर ग्लासनो, आणि नंतर नाव ठरवू म्हणून ठेवलेला तिसरा खेळाडू निघाला शेन बाझ. तिघंही टँपात उभे राहिले, मेडोज तर पुढच्याच वर्षी ऑल-स्टार, ३३ होम रन. आर्चर २०१९ ला ५.१९. इथे प्रॉस्पेक्ट दिले हे चूक नव्हतं हो, घेतलेल्या मालाची पारख चुकली. पिचर विकत घेताना गेल्या दोन सीझनचा वेग, स्लायडरवर (वळणाऱ्या बॉलवर) बॅटरचे किती स्विंग चुकतात, इनिंग किती, आणि एमआरआयचे रिपोर्ट, एवढं बघायचं, तीन वर्षांपूर्वीच्या ऑल-स्टार गेमचं कौतुक बाजूला ठेवायचं.

माँट्रियल एक्सपोजची २००२ ची गोष्ट सगळे सांगतात, पिचर बार्टोलो कोलोनसाठी क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर, ब्रँडन फिलिप्स तिघंही दिले. पण तेव्हा क्लबची मालकी लीगकडे होती, क्लब बंद करायची चर्चा चालू होती, त्यामुळे २००५ च्या साइझमोरची किंमत त्यांचा जीएम ओमर मिनायाच्या दृष्टीने जवळजवळ शून्य होती. कोलोनने १० मॅच जिंकून दिल्या, टीम ८३-७९, पोस्टसीझन नाही. चूक असेल तर एवढीच की टीम तेवढी जवळ नव्हती.

आता परत ओरिओल्सकडे. २०२३ ला त्यांची ट्रिपल-ए टीम (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी), नॉरफोक टाइड्स, ट्रिपल-एचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकली. वरची टीम १०१ विजय आणि खालची टीम चँपियन, एकाच वर्षी. ऐकायला फार छान वाटतं, पण माझ्यासारख्याला त्याचा अर्थ असा दिसतो की मेजर लीगच्या जागांपेक्षा पोरं जास्त झाली होती. ऑर्टिझ, नॉर्बी, स्टावर्स, मेयो, केर्स्टॅड, सगळे तिथे. आंब्याला मोहोर फार आला की सगळाच धरत नाही, तसंच. जास्तीची पोरं ट्रिपल-ए ला बसली की वय वाढतं, ४०-मॅन रोस्टरची जागा अडते, ऑप्शन (पोराला परत खाली पाठवायची मुभा) संपत जातात आणि समोरचा जीएम वाट बघतो, भाव पडायची. त्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला बाल्टिमोरने आणला पिचर जॅक फ्लॅहर्टी, तो चालला नाही. त्याच आठवड्यात टेक्सासने मॅक्स शर्झर आणि जॉर्डन मॉन्टगोमरी दोघं पिचर आणले, मॉन्टगोमरीने टँपाविरुद्ध सात इनिंग शून्य रन आणि ह्यूस्टनविरुद्धची चँपियनशिप सिरीजची पहिली मॅच २-० ने काढून दिली. मधल्या सिरीजमध्ये ओरिओल्सला ३-० ने घरी पाठवलं.

मॉन्टगोमरी आणि रिलीव्हर स्ट्रॅटनसाठी टेक्सासने दिले होते टेकोआ रोबी, थॉमस सॅगेसी आणि जॉन किंग. म्हणजे कोणी हॉलिडे नाही, कोणी हेंडरसन नाही. तेवढं देण्यासारखं बाल्टिमोरकडे नॉरफोकमध्येच पडलेलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी नॉर्बी आणि स्टावर्स दिलेच, मायामीच्या पिचर ट्रेव्हर रॉजर्ससाठी. रॉजर्स आला तेव्हा चार स्टार्टनंतर खाली पाठवावा लागला, आणि २०२५ ला १८ स्टार्टमध्ये १.८१ टाकला जेव्हा टीम आधीच बुडाली होती, तिकडे स्टावर्स मायामीत ऑल-स्टार. खेळाडूंची पारख दोन्ही बाजूंनी बरोबर होती, वर्षं जुळली नाहीत.

रेड सॉक्सनी डिसेंबर २०२४ ला पुन्हा तेच केलं जे सेलच्या वेळी केलं होतं, व्हाइट सॉक्सच्या पिचर गॅरेट क्रोशेसाठी टील, ब्रेडन माँटगोमेरी, मायड्रॉथ, गोन्झालेझ चौघं दिले पण रोमन अँथनी, मार्सेलो मायर, क्रिस्टियन कॅम्पबेल यांना हात लावू दिला नाही. क्रोशेची दोन वर्षं शिल्लक होती, लगेच सहा वर्षांचा १७ कोटींचा करार केला, आणि त्याने पहिल्याच वर्षी १८-५, २५५ स्ट्राइकआउट. काइल टील चांगला कॅचर होणार आहे, व्हाइट सॉक्सनाही फायदा आहे, आणि क्रोशेचं २०२२ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालेलं म्हणजे धोका होताच. पण एका वर्षाचा नाही, दोन वर्षांचा हक्क घेतला आणि मधल्या रांगेतल्या पोरांतून किंमत मोजली, हे मुद्दाम सांगतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: हॉलिडे मी दिला नसता, २०२२ चा पहिला पिक, सेकंड बेसला त्याची जागा आहे आणि वयाने तो अजून लहान आहे. त्यांचा तरुण कॅचर बसायोही नाही, त्याला तर २०२५ मध्येच आठ वर्षांचा ६ कोटी ७० लाखांचा करार दिलाय आणि त्या पगारात असा बॅटर बाजारात मिळत नाही. २०२५ नंतर एकाच वर्षाचा हक्क उरलेल्या स्कुबलसाठीही या दोघांपैकी कोणी नाही. पण दोन वर्षं किंवा जास्त हक्क असलेला, गेल्या दोन सीझनमध्ये दीडशेच्या वर इनिंग टाकलेला पिचर कोणी विकायला काढला तर मेयो, एक तरुण पिचर, आणि खालच्या लेव्हलवरचा एक, असे तिघं मी त्याच दिवशी दिले असते, आणि समोरच्याने चौथं नाव मागितलं तर तेही बहुतेक दिलं असतं.